घर घेतोय ते पूरपट्ट्यात निघालं. एलिव्हेशन सर्टिफिकेट काढू का?

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, सॉमरसेट काउंटीत, रॅरिटन नदीपासून जवळच एक घर घेतोय. करार झालाय, वकिलांचा रिव्ह्यूही झालाय, इन्स्पेक्शनची मुदत अजून आठवडाभर आहे. आता बँकेचं पत्र आलं की घर ‘झोन एई’मध्ये आहे, पूरविमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही. विमा एजंट म्हणतो, एलिव्हेशन सर्टिफिकेट आणा. रिअल्टर म्हणते, नवीन पद्धतीत त्याची गरज नाही, कशाला पैसे घालवता? विकणारे म्हणतात, आमच्या घरात कधी थेंबभरही पाणी आलं नाही. घर जुनं आहे, खाली क्रॉलस्पेस (जमीन आणि मजला यांच्यामधली, रांगत जाण्याएवढी पोकळी), बाजूला जोडलेलं गॅरेज. पुढे आईबाबांसाठी मागे एक खोली वाढवायचं मनात आहे. माझं सासर सांगलीचं. २०१९चा पूर पाहिलेले सासरे म्हणतात, सोडून द्या ते घर. मिस्टर म्हणतात, सर्टिफिकेट काढलं की विम्याची कटकटच मिटेल. मी कोणाचं ऐकू?
— एक गोंधळलेली, सेंट्रल जर्सी

नमस्कार. तुमच्या पत्रात पाच जणांची पाच मतं आहेत. प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर आहे, आणि सगळ्यात कमी बरोबर मिस्टरांचं. त्यांना राग येऊ देऊ नका, हा गैरसमज फार जणांचा असतो.

एलिव्हेशन सर्टिफिकेट म्हणजे घराच्या उंचीचा दाखला. फेमा, म्हणजे अमेरिकेचं आपत्ती व्यवस्थापन खातं (एनआरआय खात्यांच्या भानगडीत आपण ज्या फेमाचं नाव ऐकतो तो भारतातला कायदा, त्याचा इथे संबंध नाही), त्यांचा एक ठरलेला फॉर्म असतो. परवानाधारक लँड सर्व्हेअर घरी येऊन मोजमाप करतो, फॉर्म भरतो, सही-शिक्का देतो. तळाचा मजला किती उंचीवर, राहता मजला किती, गॅरेजची फरशी किती, घर गरम ठेवणारी भट्टी आणि वॉटर हीटर किती, घराला लागून असलेली जमीन सर्वांत खाली कुठे आणि किती. एवढंच. ‘हे घर सुरक्षित आहे’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं, आणि ‘विम्यातून मुक्त’ असंही नसतं. ते मोजमाप आहे. त्यातून सुटका होते की गळ्यात धोंडा पडतो, हे आकड्यांवर ठरतं आणि आकडे आधी कुणालाच माहीत नसतात.

झोन एई काय, ते सासऱ्यांना फोनवर एका वाक्यात सांगता येईल. आपल्याकडे जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा असतात, त्यातली लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. झोन एई म्हणजे साधारण त्या लाल रेषेच्या आतला पट्टा. इथे नकाशावर रेषेबरोबर त्या पुराच्या पाण्याची उंचीही दिलेली असते, तिला बेस फ्लड एलिव्हेशन म्हणतात. मात्र सांगलीच्या आयर्विन पुलाचे ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे त्या पुलाच्या पट्टीवरचे फूट आहेत. इथले फूट समुद्रसपाटीच्या संदर्भपातळीपासून मोजतात. तेव्हा ‘तुमच्याकडे ४१ फूट म्हणजे अजून धोका नाही’ असं त्यांनी म्हणायच्या आत हा फरक सांगून टाका.

आणि ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवर विसंबू नका. त्याचा खरा अर्थ, कुठल्याही एका वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या कर्जाच्या काळात ती २६ टक्क्यांवर जाते, म्हणजे चारात एक. तुमच्या भागात तर १९९९ला फ्लॉइड, २०११ला आयरीन, २०२१ला आयडा ही वादळं येऊन गेली, आणि बाउंड ब्रुक किंवा मॅनव्हिलमधल्या कुठल्याही जुन्या माणसाला ही तीन नावं विचारा, तो कुठल्या वेळी पाणी कुठवर आलं ते हात करून दाखवेल. सासऱ्यांची भीती अडाणीपणाची नाही. त्यांनी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं पाहिलंय. फक्त एक रेषा पाहून घर सोडायचं की आकडे पाहून, एवढाच प्रश्न आहे. मी आकड्यांच्या बाजूची.

आता रिअल्टरचं. ती खोटं बोलत नाही. पूर्वी झोन एईमधल्या बऱ्याच घरांना या दाखल्याशिवाय सरकारी पूरविम्याचा हप्ताच ठरत नसे. ऑक्टोबर २०२१पासून नव्या पॉलिसींना आणि एप्रिल २०२२पासून जुन्यांच्या नूतनीकरणाला ‘रिस्क रेटिंग २.०’ पद्धत लागू झाली. आता नदीपासूनचं अंतर, घर नव्याने बांधायचा खर्च, पाया कसला, राहता मजला जमिनीपासून किती वर, हे सगळं धरून हप्ता निघतो आणि मजल्याच्या उंचीचा अंदाज फेमा स्वतःकडच्या माहितीवरून लावते. दाखला ऐच्छिक झाला. पण दिला आणि त्याने हप्ता कमी होत असेल, तर फायदा मिळतो. म्हणून एजंटचंही चुकत नाही.

पण एजंटला मी आधी एक काम सांगेन: दाखल्याशिवायचं कोटेशन आज द्या, आणि फेमाने राहत्या मजल्याची उंची जमिनीपासून किती धरलीय ते त्यात दाखवा. मग टेप घ्या आणि पुढच्या दारापाशी जमिनीपासून उंबऱ्यापर्यंत स्वतः मोजा. हे मोजमाप कुठेही सादर करण्यासाठी नाही, तुमच्या माहितीसाठी. त्यांनी एक फूट धरलाय आणि तुमच्याकडे पायऱ्या चढून तीन फूट वर जावं लागतंय, तर दाखल्याचे पैसे हप्त्यातच वसूल होण्याची चांगली शक्यता आहे. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर केवळ हप्त्यासाठी दाखला काढण्यात अर्थ नाही.

तरीही तुमच्या बाबतीत मी काढा म्हणते. कारण हप्ता हा या कागदाचा सगळ्यात छोटा उपयोग आहे. मोठा उपयोग असा, की तुम्ही आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करताय आणि तिची उंची तुम्हाला माहीत नाही.

मात्र पैसे द्यायच्या आधी, तो कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आधीच पडलाय का ते पाहा. न्यू जर्सीत २० मार्च २०२४पासून विकणाऱ्याला पुराबद्दलची माहिती लेखी द्यावीच लागते: घर फेमाच्या पूरपट्ट्यात आहे का, पूरविमा आहे का, कधी दावा केला का, सरकारी मदत घेतली का, पाणी शिरलं होतं का. त्याच फॉर्मवर एलिव्हेशन सर्टिफिकेट आहे का असाही प्रश्न आहे, आणि असेल तर ते खरेदीदाराला द्यायचं बंधन आहे. तो फॉर्म तुमच्या वकिलाकडे आला असणार. ‘थेंबभरही पाणी आलं नाही’ हे तोंडी ऐकलंत ना, ते त्या फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचा. तोंडी आणि लेखी यांत फरक निघाला तर मला पुन्हा लिहायची गरज नाही, काय समजायचं ते तुम्हाला समजेल. तिथेच सरकारी मदतीचा प्रश्न नीट पाहा. आधीच्या मालकाने पूरमदत घेताना ‘यापुढे पूरविमा चालू ठेवू’ ही अट मान्य केली असेल, तर ती अट घराबरोबर तुमच्याकडे येते.

विकणाऱ्याकडे नसेल तर गावाच्या बांधकाम खात्यात फ्लडप्लेन ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे पूरपट्ट्याचं काम पाहणारा अधिकारी कोण, ते विचारा. बऱ्याच गावांत तो बिल्डिंग इन्स्पेक्टर किंवा इंजिनियरच असतो. फोनवर टाळाटाळ झाली तर म्युनिसिपल क्लार्ककडे ओप्राखाली, म्हणजे तिथल्या माहिती अधिकाराखाली अर्ज टाका. त्याला कामकाजाचे सात दिवस असतात, म्हणून आजच टाका. पत्त्यासोबत ब्लॉक आणि लॉट नंबर द्या. गाव फेमाच्या सामुदायिक मानांकन योजनेत असेल, तर नव्या बांधकामांचे दाखले जपून ठेवणं त्यांना भाग असतं. जुन्या घराचा मिळण्याची आशा कमी, पण मधे कुणी परवाना काढून मोठं काम केलं असेल तर निघतोही.

जुना मिळाला तर आनंदाने उड्या मारायच्या आधी तीन गोष्टी पाहा. पहिली, तो बांधकामाच्या नकाशांवरून केलेला आहे की पूर्ण झालेल्या घरावरून. नकाशांवरून केलेला असेल तर आपल्या उपयोगाचा नाही. दुसरी, त्यानंतर घरात काही बदललंय का, भट्टी हलवली, गॅरेज जोडलं, मागे डेक टाकला. काही बदललं नसेल तर दाखला जुना म्हणून बाद होत नाही. तिसरी सगळ्यात फसवी: संदर्भपातळी. हल्लीचे नकाशे १९८८च्या नॅव्हडी पातळीवर आहेत, जुने कागद १९२९च्या एनजीव्हीडीवर असू शकतात, आणि सेंट्रल जर्सीत दोहोंत साधारण एका फुटाचा फरक पडतो. जुन्या कागदावर ४२ फूट दिसतं ते नव्या हिशेबात ४१च्या आसपास असतं. म्हणजे घर कागदावर फूटभर उंच भासतं. लोक जुना मजला आणि नवं पाणी यांची वजाबाकी करतात आणि दोन दिवस खुशीत राहतात.

नवा काढायचा तर सर्व्हेअर कोण, हे शोधायला लांब जाऊ नका. क्लोजिंगसाठी, म्हणजे घर तुमच्या नावावर होण्याच्या व्यवहारासाठी, तुमचा वकील हद्दीचा सर्व्हे मागवणारच असेल. त्याच सर्व्हेअरला त्याच फेरीत हाही काढायला सांगा, वेगळं बोलावण्यापेक्षा स्वस्त पडतं. एरवी काहीशे डॉलरपासून हजाराच्या वरपर्यंत कुठेही आकडा जातो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. होम इन्स्पेक्टर हे करू शकत नाही, त्याने ‘मी सांगतो ना’ म्हटलं तरी. घर अजून तुमचं नाही, तेव्हा आत जायला विकणाऱ्याची परवानगी लागेल. वकिलाला ईमेल टाका. आणि इन्स्पेक्शनची मुदत दाखला हातात येईपर्यंत वाढवून मागा, लेखी. विकणारा नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच.

कागद आला की पहिलं पान उलटून थेट सेक्शन सी उघडा. खरी गोष्ट तिथे आहे. समजा, तुमच्या घराचे आकडे असे निघाले (हे मी उदाहरणासाठी घेतलेत): बेस फ्लड एलिव्हेशन ४१.० फूट. क्रॉलस्पेसचा तळ ३९.६. त्यावरचा राहता मजला ४३.४. गॅरेजची फरशी ४१.२. भट्टी क्रॉलस्पेसमध्येच दोन विटांवर ठेवलेली, ४०.१. घराला लागून असलेली सर्वांत खालची जमीन ४०.६, सर्वांत उंच जमीन ४१.९.

वाचायचं कसं? राहता मजला पुराच्या पाण्याच्या २.४ फूट वर आहे, हे चांगलं. शंभर वर्षांच्या पुरात तुमचा सोफा कोरडा राहील. गॅरेज जेमतेम वाचतं. भट्टी जवळजवळ एक फूट पाण्याखाली, म्हणजे ती गेली, आणि जानेवारीत गेली तर थंडीत बसा. आता मिस्टरांच्या दृष्टीने कामाचा आकडा बघा: सर्वांत खालची जमीन ४०.६. ती ४१.० किंवा वर असती तर कहाणी वेगळी होती. ती ०.४ फूट खाली आहे. हे ०.४ म्हणजे चार इंच नव्हेत बरं का. फॉर्मवर फुटाचे दहा भाग असतात, म्हणून ते पाच इंचांना जरा कमी. मागच्या डेकच्या खांबापाशी नाहीतर गॅरेजच्या कोपऱ्याशी कुठेतरी जमीन पाच इंच खचलेली आहे, आणि त्या कोपऱ्यावर सगळं अडलंय.

कारण विम्याच्या सक्तीतून बाहेर पडायचा रस्ता या दाखल्याचा नाही, लोमाचा आहे. लोमा म्हणजे फेमाचं नकाशादुरुस्तीचं पत्र: ‘तुमचं घर चुकून पूरपट्ट्यात दाखवलं गेलं, नैसर्गिक जमीनच पुराच्या पातळीच्या वर आहे.’ त्यासाठी घराला टेकलेली सर्वांत खालची जमीन, त्यात डेकचे खांब, पायऱ्या आणि जोडलेलं गॅरेज सगळं आलं, बेस फ्लड एलिव्हेशनइतकी किंवा त्याहून उंच हवी. तुमचा राहता मजला कितीही वर असो, लोमा मजला बघत नाही, जमीन बघतो. अर्जाला फी नाही आणि पूर्ण माहिती मिळाल्यापासून फेमाला ६० दिवस असतात. म्हणजे तो क्लोजिंगच्या आत हाती येणार नाही, विमा घेऊनच घर घ्यावं लागेल. नंतर पत्र आलं तर बँकेकडून लेखी सूट मागता येते. सूट द्यायचीच असं बँकेवर बंधन नाही, बरं का. लोमा असूनही ती स्वतःच्या अटीने विमा मागू शकते.

‘मग त्या कोपऱ्यात ट्रकभर माती टाकू की’ हा विचार तुमच्या घरी कुणाच्या तरी डोक्यात येणार, म्हणून आधीच सांगते. माती भरून उंच केलेल्या जागेला वेगळी प्रक्रिया आहे, लोमर-एफ. त्याला फी आहे, गावाची संमती लागते, आणि न्यू जर्सीत पूरपट्ट्यात भर घालायला राज्याचे कडक नियम आहेत, कारण तुमच्या कोपऱ्यातलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. सर्व्हेअर ताजी माती बरोबर ओळखतो. शिवाय मातीने भिंतीत ओल धरली तर तो आणखी एक धंदा होऊन बसेल.

क्रॉलस्पेसबद्दल थोडं जास्त बोलते, कारण जुन्या घरांत खरा घोळ तिथे असतो. बाहेरून पायाच्या भिंतीत जाळीच्या छोट्या खिडक्या दिसतात, थंडीत आतून पट्टी सरकवून बंद करायच्या. विकणारा म्हणेल, हे बघा, फ्लड व्हेंट आहेत. ते नव्हेत. ते हवेचे झरोके. पुराच्या पाण्याला आत यायला आणि बाहेर जायला माणसाने हात न लावता वाट मिळाली पाहिजे, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा राहतो आणि भिंत ढकलली जात नाही. नियम असा की निदान दोन भोकं, वेगवेगळ्या बाजूंना, त्यांची खालची कड जमिनीपासून एक फुटापेक्षा वर नको, आणि दर चौरस फूट क्रॉलस्पेसला एक चौरस इंच मोकळी जागा. तुमचा क्रॉलस्पेस हजार चौरस फूट असेल तर हजार चौरस इंच. ८ बाय १६ इंचांच्या भोकाला जाळी-पट्ट्यांमुळे पूर्ण १२८ चौरस इंच मिळत नाहीत, आणि अगदी मिळाले असं धरलं तरी आठ भोकं लागतात. किंवा खास पुरासाठी प्रमाणित केलेले इंजिनियर्ड व्हेंट, ते कमी संख्येत भागतात. दाखल्यात सेक्शन ए मध्ये या भोकांची संख्या आणि क्षेत्रफळ लिहितात. तिथे शून्य दिसलं तर घाबरू नका, ते बसवता येतात आणि बसवले की हप्त्यात सवलत मिळते. भट्टी आणि वॉटर हीटर राहत्या मजल्याच्या पातळीवर नेलं तर तीही सवलत आहे. हा खर्च किती, ते आत्ता प्लंबरला विचारून ठेवा आणि घराच्या किमतीत घासाघीस करताना टेबलावर ठेवा. मला विचाराल तर दाखल्याचे सगळे पैसे इथेच वसूल होतात.

क्रॉलस्पेसचा तळ चारही बाजूंनी बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली असेल, तर सर्व्हेअर तो वेगळ्या प्रकारात टाकतो. दोन फुटांहून जास्त खोल असेल तर फॉर्मच्या हिशेबात ते सरळ बेसमेंट होतं. विकणाऱ्याने जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

विम्याचं थोडक्यात. सरकारी पूरविम्यात घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख, आणि सामानाचं वेगळं घ्यावं लागतं. बँक फक्त घराचं मागेल, तुम्ही दोन्ही घ्या. पाणी आल्यावर हॉटेलात राहायचा खर्च त्यात नाही. जमिनीखालच्या भागातलं सामान जवळपास नाहीच. एरवी नवी पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस लागतात, पण कर्जाच्या क्लोजिंगबरोबर घेतली तर त्याच दिवसापासून लागू होते. आणि विकणाऱ्याची सरकारी पॉलिसी चालू असेल तर ती तुमच्या नावावर करून मागा. जुन्या पॉलिसीत हप्ता हळूहळू वाढायची सवलत असते, बहुतेक राहत्या घरांना वर्षाला १८ टक्क्यांपर्यंतच वाढ, ती तुम्हाला मिळते. नवी काढली तर एकदम पूर्ण हप्ता. कित्येक जण हे विचारायला विसरतात आणि पॉलिसी क्लोजिंगच्या दिवशी रद्द होऊन जाते. खासगी कंपनीचं कोटेशनही घ्या, बँका तेही मान्य करतात, फक्त बँकेला आधी दाखवा.

लोमा मिळालाच, बँकेने सूटही दिली, तरी विमा सोडू नका. फेमाच्याच म्हणण्यानुसार सुमारे ४० टक्के दावे जास्त धोक्याच्या पट्ट्याबाहेरूनच येतात. पूर नकाशा वाचून येत नाही. ‘कटकट मिटेल’ म्हणणाऱ्या मिस्टरांना हे पटणार नाही, पण तुम्ही मला विचारलंत, त्यांनी नाही.

खोलीबद्दल: जुन्या घरात एखादं काम घराच्या इमारतीच्या (जमीन सोडून) बाजारभावाच्या ५० टक्क्यांवर गेलं, तर अख्खं घर आजच्या नियमांनुसार उंच करावं लागतं. शिवाय जुलै २०२३पासून नदीकाठच्या भागांसाठी न्यू जर्सीची बांधकामाची पूरपातळी दोन फुटांनी वाढली, म्हणजे नव्या खोलीचा मजला फेमाच्या आकड्यापेक्षा बराच वर ठेवावा लागणार. मागे एक खोली जुन्या मजल्याच्या सरळ रेषेत काढू, हे चित्र डोक्यात असेल तर पुसून टाका. आईबाबांना मग चार पायऱ्या चढाव्या लागतील, त्यांचे गुडघे कसे आहेत? हे सगळं गावच्या बांधकाम खात्याशी करारापूर्वी बोलायला हवं होतं, पण अजून मुदत आहे, आता बोला.

आणि एक संध्याकाळ त्या रस्त्यावर चालत जा. घर बघायला नको, आजूबाजूला बघायला. दोन घरांच्या मधे गवताळ मोकळी जागा आहे का, पण फुटपाथला ड्राइव्हवेचा उतार तसाच? तिथे घर होतं. राज्याच्या ब्लू एकर्स योजनेत पूर खाल्लेली घरं विकत घेऊन पाडतात आणि जागा मोकळी ठेवतात. मॅनव्हिलमध्ये अशी बरीच. तुमच्या रस्त्यावर अशी एक दिसली तर विचारा, तीन दिसल्या तर मी सासऱ्यांच्या पार्टीत. शेजारी कुणी भेटला तर ‘आयडाच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं?’ एवढंच विचारा. ‘पूर येतो का’ विचाराल तर लोक घराच्या किमती सांभाळून बोलतात.

माझा हिशेब साधा आहे. राहता मजला बेस फ्लड एलिव्हेशनच्या दोन-तीन फूट वर, आयडात घरात पाणी नाही, आणि विम्याचा खरा आकडा तुमच्या महिन्याच्या हप्त्यात धरूनही झेपतोय, तर घ्या, भट्टी वर चढवा, व्हेंट बसवा. मजला त्या पातळीच्या खाली असेल, तर किंमत कितीही मोहाची असो, मी तरी हात लावणार नाही. ते घर उचलून उंच करणं हा तुमच्या पहिल्या घराचा उद्योग नसावा. मधलं काही निघालं तर घासाघीस, आणि तिथे दाखला हेच तुमचं हत्यार.

सर्व्हेअर येईल त्या दिवशी क्रॉलस्पेसचं झाकण उघडं हवं, समोर रचलेले खोके बाजूला हवेत, आणि गॅरेजची किल्ली किंवा कोड हवा. आत जाता आलं नाही तर तळाच्या आणि भट्टीच्या रकान्यांचं काम अडतं आणि दुसऱ्या फेरीचे पैसे लागतात. कागदावर त्याची सही आणि शिक्का दोन्ही आहेत, घराचे आणि व्हेंटचे फोटो जोडलेत, संदर्भपातळी १९८८ची आहे, आणि सर्वांत खालच्या जमिनीचा रकाना भरलाय, हे तिथेच बघून घ्या. मग ती पीडीएफ एजंटला पाठवा आणि दुसरं कोटेशन ईमेलवर मागा, फोनवर नको.